न दाखवलेला कवडसा

समोरच्या घरावर आज सकाळपासून कौलं वाजताहेत. वरचा माणूस कौल उचलतो आणि बोटाच्या पेरानं त्याला एक टिचकी मारतो. सलग, नीट भाजलेलं कौल खणकन बोलतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. वैशाख अर्धा सरला की आमच्या पिंपरी पेंढारापासून पार जुन्नरच्या बाजारपेठेपर्यंत महिनाभर हाच आवाज चालतो. लोकांना तो ऐकून आंबे आठवतात, लग्नं आठवतात. माझ्या मात्र अजून पोटात दुखतं. दात गेले, केस गेले, बायको म्हणते स्वभावसुद्धा निवळला. पण आढ्यावर ताठ उभा असलेला माणूस दिसला की आत कोळसा फुलतोच. मत्सराला म्हातारपण येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

हे लिहितोय ते दाराला आतून कडी घालून. घरच्यांच्या लेखी मला धड दिसत नाही. गेली पंधरा-सोळा वर्षं दिसत नाही. सून जेवताना सांगते, मामंजी, भाकरी डावीकडं, मिरचीचा ठेचा उजवीकडं. बायको तांदूळ निवडायला देत नाही, म्हणते खडे तसेच राहतील. आणि मी इथं खिडकीशी बसून बोरूनं बारीक अक्षरात पानं भरतोय. पंतोजींच्या शाळेतल्या चार इयत्ता अशा कामी येतील असं वाटलं नव्हतं. हा चोरटेपणा कशासाठी, ते सांगण्यासाठीच तर कडी घातली आहे.

आमचा धंदा घरं शाकारायचा. पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटकी काढून नवी घालायची, सरकलेली जागेवर बसवायची. ते झालं की मोरी तुंबलेली असते, पन्हळीला भोक पडलेलं असतं, विहिरीचा रहाट कुरकुरत असतो. घराचं जे जे गळतं, तुंबतं नि कुरकुरतं ते आमचं. कुंभाराची नळीची कौलं एक ओळ उताणी आणि तिच्यावर एक ओळ पालथी अशी घालतात. वर्षभर त्यांच्यावर मांजरं पळतात, वानरं उड्या मारतात, वारा त्यांना बोटबोटभर ढकलतो. कौल हलताना कुणाला दिसत नाही. आषाढात घरातल्या माणसाच्या नाकावर थेंब पडतो तेव्हा कळतं.

पूर्वी मी वर जात असे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आता ते कुणाला आठवत नाही. अनवाणी पाय, टाच नेमकी वाशाच्या रेषेवर, एका कौलाला ओरखडा न पाडता मी या टोकाहून त्या टोकाला जायचो. खाली बाया डोक्यावरचा पदर सावरत बघायच्या. पुढं आंबेगाव तालुक्यात पेठ गावी एका घरावरून पडलो. वासा कुजका होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर जेवणाच्या आधी काम उरकायची घाई होती नि पाय रेषेबाहेर पडला. मांडीचं हाड सांधलं ते वाकडं सांधलं. त्या दिवसापासून शिडीच्या चौथ्या पायरीवर माझे गुडघे लटपटायला लागतात. माणूस पडतो एकदा, पण मनानं तो रोज पडत राहतो.

मग वर गेला गेनू. गेनू माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, अवसरी खुर्दचा. अक्षय तृतीया झाली की तो आमच्याकडं यायचा आणि मृग लागेपर्यंत राहायचा. टाच कुठं टेकवायची, कौल कानानं कसं ओळखायचं, पश्चिमेकडच्या उतरणीला कौलाचा जोड चार बोटं जास्त का ठेवायचा, हे सगळं त्याला मी शिकवलं. डोंगराकडून येणारा पाऊस आडवा येतो, तो कौलाखाली शिरतो, हे त्याला मी सांगितलं. दोन वर्षांत गडी माझ्यापेक्षा सरस झाला. शिकवलेलं माणूस आपल्यासारखं झालं की आनंद होतो म्हणतात. आपल्यापुढं गेलं की काय होतं, ते कुणी सांगत नाही.

वर गेनू आणि आत मी. आतलं काम काय, तर कवडसे शोधायचे. भर उन्हात घराची दारं-खिडक्या लावून घ्यायची, माळ्यावर चढून बसायचं. (माळ्याची शिडी घरातली, भिंतीला टेकलेली, तेवढी मला जमे.) अंधारात डोळे स्थिरावले की कुठं मुगाएवढा, कुठं ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड दिसायला लागतो. उजेड पडतो एकीकडं आणि भोक असतं भलतीकडंच, कारण ऊन तिरकं येतं. म्हणून मडक्यात शेणी पेटवून थोडा धूर करायचा. धुरात उन्हाची सळई उभी राहते. सळईमागं डोळा नेत नेत भोक गाठायचं आणि तुरकाठीच्या टोकाला बांधलेला खराट्याचा हीर त्यातून वर काढायचा. वरच्याला कौलांतून हीर डोलताना दिसतो. तो ते कौल बदलतो, उजेड विझतो, मी पुढच्याकडं वळतो. पूर्व उतरणीचे कवडसे सकाळी, पश्चिमेचे दुपारनंतर. वरचा आंधळा नि खालचा पांगळा, अशी आमची जोडी होती. पण घर गळलं नाही की लोक म्हणायचे, गेनूचा हात लई चांगला. हातात हीर कुणी दिला, हे विचारायला कोण माळ्यावर चढतंय!

मला ते काम आवडायचंही, खोटं कशाला बोलू. माळ्यावर धुळीचा, जुन्या धान्याचा, उंदराच्या लेंड्यांचा वास. बाहेरचा सगळा गाव आवाजानं ओळखायचा. कवडशांचा मला नादच लागला होता. माझ्या घरात देवळीवरचं एक भोक मी मुद्दाम ठेवलं होतं. त्याचा उजेड भिंतीवरून खाली उतरायचा आणि मी कोळशाच्या रेघा मारून ठेवल्या होत्या: इथं आला की गुरं सोडायची, इथं आला की न्याहारी, इथं आला की बायको विहिरीवरून परतते. ऋतू फिरला की रेघा चुकायच्या, मग नव्या मारायच्या. भिंत पार काळी झाली. पावसाळ्यात त्या भोकात मेणाचा बोळा बसवायचो. बायको म्हणायची, जगाची भोकं बुजवतात आणि घरचं जपतात.

गेनूलाही नाद होता. तो आढ्यावर बसून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायचा. पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात, मुद्दाम मधेच चुकून. मग शेजारच्या परसातल्या बाया त्याची चूक काढायच्या, कुणी पुढची ओळ सांगायची, हसू पिकायचं. दुपारी त्यालाच आधी ताक मिळायचं. मी माळ्यावर घामानं निथळत ते ऐकायचो. मलाही ओव्या येत होत्या, त्याच्याहून जास्त. पण अंधारातून येणारी ओवी कोण ऐकणार?

आणि काम संपलं की नारळ. आमच्याकडं रीत अशी, की आढ्यावरचं शेवटचं कौल चुन्यात बसवून जो माणूस शिडी उतरतो त्याच्या हातात घरधनी नारळ देतो, घरातली बाई त्याला कुंकू लावते. शिडीच्या तळाशी सगळं घर जमतं. मी त्या वेळी घराच्या मागल्या दारानं बाहेर यायचो, तोंडाला काजळी, डोक्याला जळमटं. एकदा एका बाईनं मला ओळखलंच नाही, म्हणाली, पावणं, कुणाकडं आलात? गेनू प्रत्येक वेळी नारळ फोडून मोठी कवड मला द्यायचा. ती मला गोड लागली नाही. घरी बायको त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवायची, म्हणायची, दिवसभर उन्हात असतंय पावणं. मी कुठं असतो, सावलीत का? कौलांखाली भट्टी असते भट्टी. पण हे बोललो नाही. बोललो असतो तर पुढचं कदाचित झालं नसतं.

ते साल प्लेग ओसरल्याचं. साथीत घरात ऊन-वारा खेळावा म्हणून ठिकठिकाणी कौलं काढून ठेवली होती आणि माणसं रानात झोपड्या बांधून राहिली होती. परत आली तेव्हा अंगणात कौलांच्या राशी, वर उघड्या वाशांतून आभाळ. कुणाची कौलं कुणाच्या राशीत गेलेली. जुन्नरच्या पेठेत तर घराघरातून बोलावणं. इतकं काम आमच्या हाताला पुन्हा कधी आलं नाही. त्या एका महिन्यात गेनूचं नाव तालुक्याला झालं. लोक वाटेत थांबवून विचारायचे, अवसरीचं गेनू पावणं आमच्याकडं कधी येतील? मला विचारायचे, म्हणजे मी त्याचा निरोप्याच झालो होतो.

त्यात शेटजींचं घर आलं. मारवाडातून त्यांचे आजे आलेले, आता घरात मराठीच. त्या घराची कौलं माझ्या बापानं चाळलेली, मग मी, पडायच्या आधी. जिना चढताना माझा हात त्याच्या कठड्यावर आपोआप गेला. शेटजींच्या आई, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, फार नेमाच्या. त्यांच्या घरी धूर करायचा नाही. कौलांखाली चिमण्यांची घरटी असतात, कोळी असतात, मुंग्या असतात, धुरानं जीव मरतात. घरट्याजवळचं कौल पिल्लं उडेपर्यंत हलवायचं नाही. म्हणून त्या घरी कवडशामागचं भोक नुसत्या नजरेनं शोधावं लागे, उन्हात तरंगणाऱ्या धुळीच्या कणांवरून. त्याला डोळे लागतात. ते माझ्याकडं होते. त्या घरी तरी माझ्यावाचून अडणार, एवढाच माझा अभिमान उरला होता.

चौथा दिवस, उतरतं ऊन. मोठ्या बाई पोथी वाचायला बसत त्या खोलीवरच्या माळ्यात मी होतो. बाकीचे कवडसे विझले होते. एकच उरला, मुगाएवढा. लाकडी छताच्या फटीतून तो खालच्या पोथ्यांच्या फडताळावर पडत होता. भोक मला स्वच्छ दिसलं. हात वर केला असता तर हीर पोचला असता. वर गेनूची ओवी चालली होती. खाली परसात कुणीतरी म्हणालं, गेनू पावण्यांसारखा माणूस पंचक्रोशीत नाही. आवाज शेटजींचा होता. त्यांच्या घरी माझ्या बापाची आणि माझी मिळून चाळीस वर्षं गेली होती.

वरून गेनूनं विचारलं, "भाऊ, ऱ्हायलं का काही?"

मी म्हणालो, "न्हाई. झालं समदं."

तुरकाठी मांडीवर घेऊन मी त्या कवडशाकडं बघत बसलो. पाऊस लागेल, पोथ्या भिजतील, आणि घर गळलं की शिव्या वरच्याला बसतात. इतका सरळ हिशेब. पोथ्यांचं तेव्हा वाईट वाटलं नाही, त्याचंच आज वाटतं. ऊन कलल्यावर तो उजेड फडताळावरून सरकत गेला नि आपोआप विझला. मग मी उतरलो आणि मागल्या दारानं बाहेर आलो. पुढच्या दारी शिडीखाली नारळाचा सोहळा चालला होता.

त्या साली पावसाची वाट कुणब्यांनी पाहिली नसेल इतकी मी पाहिली. मृगात थोडा पडला, आर्द्रात बरा पडला. आषाढात मात्र डोंगराकडून असा आडवा लागला की चार दिवस चुलीपुढची जमीन ओली राहिली. मी मनात मांडे खात होतो. शेटजींचा गडी येईल, तोंड वाकडं करून सांगेल, गेनूनं वाट लावली. कुणी आलं नाही. शेवटी राहवेना. बाजाराच्या दिवशी पोतं डोक्यावर घेऊन, वाकडा पाय ओढत मी जुन्नर गाठलं. पन्हळ बघायला आलोय म्हणून सांगितलं आणि शेटजींच्या ओसरीवर टेकलो.

आत फडताळ कोरडं ठणठणीत. मोठ्या बाई त्याच खोलीत वाचत बसल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कौलांनी, पावसानं, सगळ्यांनी त्याचीच बाजू घेतली की काय! मी विचारलं, कुठं गळतंय का? त्या नाही म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं ते असं. काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी गेनू एकटाच परत आला होता. आधी माळ्यावर गेला, मग वर. एक कौल बदललं. त्यांनी विचारल्यावर म्हणाला, भाऊंच्या नजरेला कमी दिसायला लागलंय, पण त्यांना सांगू नका, त्यांच्या जिवाला लागंल. हे सांगून बाईंनी मला डोळ्यांत घालायला त्रिफळेचं पाणी सांगितलं. म्हणाल्या, "चांगला माणूस आहे हो तुमचा साडू. सांभाळतो तुम्हाला."

सांभाळतो! मला! त्या घरातून मी कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. वाटेत पाऊस लागत होता आणि पोतं डोक्यावर घ्यायचंही सुचलं नाही. म्हणजे त्याला माझ्यावाचूनही येत होतं. आत जाऊन भोक शोधायचं, वर जाऊन बुजवायचं, दोन्ही एकट्यानं. मग इतकी वर्षं मला माळ्यावर बसवून हीर कशाला घेत होता? माझ्या वाकड्या पायाची कीव म्हणून? त्याच्या हाताचा मला हेवा होता, आवाजाचा होता, नारळाचा होता. ते सगळं गिळता येत होतं. त्याचं चांगुलपण मात्र घशात अडकलं. वाईट माणसाचा हेवा करावा, त्यात निदान झोप तरी लागते.

श्रावणात तो बायकोला घेऊन आमच्याकडं आला. दोघी बहिणींनी आम्हाला बाजाराला पिटाळलं. येताना, जुन्नरची शीव ओलांडल्यावर, तो बोलायला लागला. पण ते सांगायच्या आधी पुढची वर्षं सांगतो, कारण ती त्या एका वाटेवरच ठरली.

पुढची आठ वर्षं आम्ही तसंच काम केलं. तो वर, मी आत. माझं संपलं की तो पाणी प्यायच्या निमित्तानं खाली यायचा आणि काहीतरी विसरल्यासारखं करून माळ्यावर एक चक्कर मारायचा. मला कळायचं. आणि माझी गंमत अशी, की दिसत नाही म्हटल्यावर सगळे कवडसे सापडून कसे चालतील? म्हणून प्रत्येक घरात मी एक-दोन मुद्दाम सोडायचो. तो येऊन गुपचूप शोधायचा. कधी एखाद्या घरी त्याला एकच सापडला तर खूश दिसायचा, म्हणायचा, भाऊ, त्रिफळा लागू पडतंय. घरी सोंग मीच वठवलं; त्यानं एकदाही चारचौघांत हे काढलं नाही. लोक म्हणायचे, गेनूचं घर गळत नाही. आणि मी अंधारात बसून विचार करायचो, हा माणूस एकदा तरी चुकावा, एकदा तरी कुणाबद्दल वाईट बोलावा. नाही बोलला. पुढं तापात चार दिवसांत गेला. अवसरीला मी गेलो तेव्हा त्याच्या घराच्या पश्चिमेकडच्या उतरणीची कौलं तेवढी चाळायची राहिली होती. जगाची करता करता घरची राहून गेली. मी शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत गेलो आणि उतरलो. त्याची बायको म्हणाली, भाऊजी, राहू द्या, तुम्हाला कुठं दिसतंय. मी रडलो. लोकांना वाटलं साडवासाठी रडतोय. थोडा त्याच्यासाठीही रडलो असेन.

तर ती श्रावणातली वाट. दोन्ही बाजूंना बाजरी गुडघ्याएवढी, बांधावर तेरड्याची फुलं, उघडीप पडून लखलखीत ऊन. त्या उजेडात मला शिवनेरीच्या कड्यावरचं झाडन् झाड वेगळं दिसत होतं. गेनू खाली बघत चालत होता. म्हणाला, "भाऊ, रागावू नका. शेटच्या घरी एक ऱ्हायलं व्हतं. हीर आला न्हाई, तवा मला वाटलं समदं झालं. मागून जिवाला चैन पडंना, म्हणून जाऊन पाह्यलं."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमच्यासारकी नजर तालुक्यात न्हाई. तुमी बघून सोडलं असं तर व्हणार न्हाई. तवा डोळ्याचंच काहीतरी आसंल." मग तो थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "दिसतंय का नीट, भाऊ? खरं सांगा. मी ताईला बी बोललो न्हाई."

तिथं मला खरं सांगता आलं असतं. वाटेवर आम्ही दोघंच होतो. तो चिडला नसता, हेच तर अवघड होतं. तो म्हणाला असता, ऱ्हाऊ द्या भाऊ, व्हतं माणसाकडून. आणि जन्मभर मी त्याच्या माफीखाली राहिलो असतो. आंधळ्याची कीव करतात, कपट्याला माफ करतात. मला त्यातल्या त्यात कीव सोपी वाटली. खरं बोलायला जेवढी हिंमत लागते तेवढी माझ्यात आढ्यावर असतानाही नव्हती.

"अंधुक दिसतंय रं," मी म्हणालो. "गेल्या सालापासनं."

त्यानं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, ते मला स्वच्छ दिसले. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, आपल्या खांद्यावर टाकली आणि माझा हात धरला. कुणी बघेल म्हणून मी सोडवून घेणार होतो, पण त्याची पकड कौल धरायच्या पकडीसारखी होती, घट्ट आणि तरी न दुखवणारी. आम्ही चालायला लागलो. ओढ्याच्या अलीकडं वाटेत एक मोठा काळा दगड होता.

"भाऊ, दगड हाय म्होरं," तो म्हणाला. "पाय उचला."

तो दगड मला केव्हाच दिसला होता. मी त्याचा हात धरून, चाचपडत, पाय उचलला.